टोल्युइनचा ड्रम हाताळताना : लोट्यात नवीन लागलेल्या पोरांसाठी

नवीन पोरगा लागला की आठवड्याभरात एकदा तरी म्हणतोच, "दादा, पहिल्या दिवशी डोकं धरलं होतं वासाने, आता कायच येत नाय, सवय झाली." त्याला वाटतं अंगात ताकद आली. अरे बाबा सवय नाकाला झालीय, टोल्युइन (कारखान्यात माल विरघळवायला वापरतात ते पातळ, पेटणारं सॉल्व्हंट) हवेत होतं तेवढंच आहे. ह्याचा वास अगदी थोडं असलं तरी येतो, पण त्यातच उभं राहिलं की थोड्या वेळाने नाक सांगायचं बंद करतं. म्हणून वास नाही म्हणजे गॅस नाही हे आधी डोक्यातून काढा, आणि बाहेरून आल्याआल्या ज्याला वास येतो त्याचं ऐका, मग तो कॅन्टीनचा चहावाला का असेना.

मी लोटे परशुराम एमआयडीसीत सोळा वर्षं काढली, आधी हेल्पर, मग ऑपरेटर, आता शिफ्ट बघतो. खेड, चिपळूण, दापोली, गुहागरकडची पोरं कंत्राटदाराकडून येतात, गेटवर अर्धा तास ट्रेनिंग होतं, कागदावर सही घेतात आणि दुपारी पोरगा ड्रमच्या हातगाडीला जुंपलेला असतो. त्या अर्ध्या तासात जे राहून जातं ते लिहितोय. महाड, रोहा, तळोजा सगळीकडे तेच सॉल्व्हंट आणि तेच ड्रम, त्यामुळे तिकडच्यांनाही चालेल. रंगाच्या थिनरमध्येही बऱ्याचदा टोल्युइन असतं, म्हणजे पावसाळ्यात बोटी ओढून रंगवणाऱ्यांनीही वाचा.

आधी एक हिशोब, कारण हा कळला की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट ४ डिग्री आहे, म्हणजे ४ डिग्रीच्या वर कितीही तापमान असू दे, त्याच्यावर पेटण्याइतकी वाफ तयारच असते. जानेवारीत पहाटे दापोलीला लोक शेकोटीला बसतात तेव्हाही पारा त्याच्या वरच असतो, तेव्हा आपल्याकडे वर्षाचे बारा महिने हा माल पेटायला तयार. आता ही वाफ हवेत साधारण १.१ टक्क्यापासून ७ टक्क्यांपर्यंत असली की ठिणगीने पेट घेते, त्याच्या खाली पातळ पडते आणि वर हवा कमी पडते. पेट्रोलच्या टाकीत वाफ इतकी दाट होते की आत सहसा पेटायला हवाच पुरत नाही. टोल्युइनचं तसं नाही. ३० डिग्रीला बंद ड्रममधल्या मोकळ्या जागेत वाफ भरते साधारण पाच टक्के, म्हणजे बरोब्बर मधोमध, जिथे ती झकास पेटते. कोकणातलं रोजचं तापमान आणि टोल्युइनचा ड्रम ह्यांची जोडी अशी वाईट जमलीय.

आणि लागतं किती, तर २०० लिटरच्या ड्रममध्ये ती खालची १.१ टक्क्याची हद्द गाठायला साधारण दहा मिलिलिटर माल पुरतो. चहाचे दोन चमचे. पंपाने पूर्ण ओढून घेतलेल्या ड्रमच्या तळाशी, कडेच्या खाचेत, दोन चमचे कायम शिल्लक असतात, उलटा करून बघा. म्हणून भरलेल्या ड्रमपेक्षा रिकाम्याला मी जास्त घाबरतो. भरलेल्यात वाफेला जागाच थोडी असते, रिकामा ड्रम पुरा वाफेचा असतो. पोरं नेमकी उलटं वागतात, भरलेल्याला जपतात आणि रिकामा झाला की बुच न लावता लाथेने गडगडवत नेतात.

वाफ हवेपेक्षा तीनपट जड आहे हेही धरून चला. ती वर उडून जात नाही, जमिनीवरून सरपटत जाते, पायऱ्या उतरते, पंपाच्या खड्ड्यात आणि गटारात बसते. त्यामुळे तुमच्या ड्रमजवळ काहीच नसलं तरी वीस पावलांवर कोणी ग्राइंडर लावला असेल तर आग तिकडे लागून जमिनीवरून मागे धावत ड्रमपर्यंत येऊ शकते. ड्रम उघडायच्या आधी मान वर करून एक चक्कर मारा, हॉट वर्कचं, म्हणजे वेल्डिंग-ग्राइंडिंगसारख्या ठिणगीच्या कामाचं, परमिट कुठे चालू आहे का विचारा, मोबाइल गेटवरच्या कप्प्यात ठेवलाय ना बघा, खिशात लायटर असेल तर तोही.

आता प्रत्यक्ष काम. समजा ड्रममधून रिअ‍ॅक्टरला (रसायनं मिसळायचं मोठं बंद भांडं) माल द्यायचाय. ड्रम आणला, लेबल आणि बॅचची स्लिप जुळवली, जुन्या ड्रमवर कधी दोन दोन लेबलं असतात तेव्हा शंका आली तर थांबायचं. मग बुच उघडायच्या आधी, परत सांगतो आधी, अर्थिंगची क्लिप लावायची. उघडून मग क्लिप शोधत फिरायचं नाही. आणि काढताना उलटं, आधी नळी बाहेर, मग बुच बंद, क्लिप सगळ्यात शेवटी.

क्लिप कुठे लावायची ह्याची एक गोष्ट सांगतो, दुसऱ्या कंपनीतली, नाव राहू दे. मी तेव्हा ऑपरेटर होऊन दीड वर्ष झालं होतं, नाइट शिफ्ट, क्लिप लावली आणि पंप चालू करणार तेवढ्यात आमचा इलेक्ट्रिशियन दुसऱ्याच कामाला आलेला, त्याने गंमत म्हणून ड्रम आणि अर्थिंगची पट्टी ह्यांच्यात मीटर धरला. मीटर काहीच दाखवेना, जणू तार लावलेलीच नाही. क्लिप होती ड्रमच्या काठावर, चांगली घट्ट, पण काठाला निळ्या रंगाचा जाड थर आणि क्लिपचे दात वर्षानुवर्षं वापरून गुळगुळीत झालेले. त्याने क्लिप हलवून हलवून रंग खरवडला, खाली पत्रा चमकला, मीटर लगेच एक ओहमच्या आसपास आला. दीड वर्ष मी रंगाला अर्थिंग देत होतो. तेव्हापासून क्लिप लावली की दोनदा पिळतो, पत्र्यात दात रुतल्याचा कर्र आवाज आला पाहिजे. आपल्या दमट हवेत क्लिपला आणि पट्टीला गंज धरतो, तोही रंगाइतकाच आडवा येतो, म्हणून मीटरने १० ओहमच्या आत येतंय का ते ठरलेल्या दिवशी तपासून घ्यायला सांगा. इलेक्ट्रिशियन कुरकुरला तरी कुरकुरू दे.

हे सगळं कशासाठी, तर टोल्युइन वीज वाहून नेत नाही. नळीतून पळताना त्यात स्टॅटिक (घासल्याने साठणारी वीज) तयार होतं आणि लवकर उतरत नाही, साठत जातं, मग ड्रम नाहीतर पंप नाहीतर माणूस जिथून वाट मिळेल तिथून ठिणगी पडते. ह्या वाफेला ठिणगी लागते किती, तर खुर्चीवरून उठून दाराची कडी धरल्यावर जो चटका बसतो तेवढी भरपूर झाली. आता इथे कोकणात एक गैरसमज पक्का बसलाय की पावसाळ्यात हवा ओली असते तेव्हा स्टॅटिक होत नाही. अर्धं खरं आहे. ओल्या हवेने कपड्यावरचं, गोणीवरचं, हातावरचं स्टॅटिक कमी होतं. पण पाइपच्या आत जो माल पळतोय त्याला बाहेर पाऊस आहे का ऊन हे काय माहीत, त्याच्यातलं स्टॅटिक जुलैत तेवढंच असतं. जुलैमध्ये क्लिप न लावता काम करणारे मी जास्त बघितलेत.

माल हळू सोडायचा. नळी तळापर्यंत गेली पाहिजे, वरून धार पाडायची नाही, धार फुटली की स्टॅटिकही वाढतं आणि वाफही. नळीचं तोंड मालात बुडेपर्यंत तर एकदम हळू, सेकंदाला मीटरभरापेक्षा जास्त नको, मग थोडं वाढवता येतं. प्लॅस्टिकची बादली, कापलेला कॅन, कोल्ड्रिंकची बाटली, ह्यातून टोल्युइन घ्यायचं नाही कारण प्लॅस्टिकला अर्थिंग लावता येत नाही. थोडाच माल पाहिजे असला तरी धातूचं भांडं घ्या आणि त्याला तार जोडा. बुच उघडायला पितळेची चावी वापरा. ड्रम उन्हात असला तर फुगलेला असतो, त्याला आधी सावलीत आणा, मग छोटं बुच अर्धा आटा फिरवून हवा सुटू दे, तोंड बाजूला ठेवून, मग मोठं.

दोन गोष्टी कोणी करायला सांगितल्या तर नाही म्हणा. एक, पंप बंद पडलाय म्हणून ड्रमला कंप्रेसरची हवा मारून माल ढकलणं. ड्रम हा प्रेशरसाठी केलेला नसतो, फाटतो, आणि शिवाय तुम्ही आत वाफेला हवा पुरवताय. दुसरी, नळी तोंडाने ओढून सायफन करणं. हे स्कूटरच्या पेट्रोलमुळे सगळ्यांना येतं, म्हणून तर भीती वाटत नाही.

रिअ‍ॅक्टरवर पावडर चार्ज करताना आणखी एक आहे. आत टोल्युइन आहे, मॅनहोल (वरचं मोठं तोंड) उघडा आहे आणि पोरगा पावडरची गोणी आतल्या प्लॅस्टिकच्या पिशवीसकट उलटी करून झटकतोय. ह्या एका हालचालीत ठिणगीला लागतं ते सगळं आहे, पिशवीतून पावडर सुटताना स्टॅटिक होतं आणि खाली वाफ तयार आहे. जमेल तिथे पावडर आधी, सॉल्व्हंट नंतर. तसं जमत नसेल तर आतली हवा हटवायला नायट्रोजन देऊन, बंद हॉपरमधून (पावडर सोडायचं नरसाळं). हा निर्णय हेल्परचा नाही, केमिस्टचा आहे, पण मॅनहोलपाशी उभा तुम्ही असता तेव्हा नायट्रोजन चालू आहे का एवढं विचारायला तुम्हाला कोणी अडवत नाही. आणि नायट्रोजन चालू असेल तर मॅनहोलमध्ये डोकं घालून बघायचं नाही, दोन श्वासांत माणूस खाली कोसळतो.

हातमोज्यांचं लिहिल्याशिवाय राहवत नाही. स्टोअरमधून जे पातळ निळे नायट्राइलचे मोजे देतात ते टोल्युइनला काही मिनिटंच थोपवतात, वरून कोरडे दिसतात आणि आतून माल बोटांना लागलेला असतो. घरात भांड्याला वापरतात ते रबरी तर फुगून ढिले पडतात. चालतात ते व्हायटॉनचे, महाग असतात म्हणून स्टोअरवाला कुलपात ठेवतो. पीव्हीएचे मोजेही टोल्युइनला उत्तम, फक्त ते पाण्याने विरघळतात, म्हणजे आपल्याकडे जून ते सप्टेंबर शेडच्या बाहेर त्यांचा उपयोग नाही हे मागवणाऱ्याला कोणी सांगत नाही. पातळच मोजे असतील तर थेंब उडाला की लगेच बदला, सुकवून परत घालू नका. कपडे सुती, नायलॉनची जर्सी नको, बूट अँटीस्टॅटिक. आणि काम झाल्यावर हाताला लागलेला रंग किंवा डिंक टोल्युइननेच पुसायची जी पद्धत आहे ती बंद करा, कातडीचं तेल निघून हात भेगाळतात आणि थोडं अंगातही जातं.

रुमाल बांधून वाफ अडत नाही, धुळीचा पांढरा मास्कही नाही. ऑरगॅनिक व्हेपरचं काडतूस असलेला मास्क पाहिजे, त्याच्यावरची तारीख बघा, आणि आत वास यायला लागला की काडतूस संपलं.

मीटरबद्दल एक मोठा घोळ आहे. सेफ्टीवाला एलईएल मीटर फिरवतो, ५ टक्के येतं, तो म्हणतो १० च्या खाली आहे, करा काम. आगीच्या हिशोबाने ठीक आहे. पण एलईएल म्हणजे ती १.१ टक्क्याची हद्द, म्हणजे ११,००० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग), त्याचे ५ टक्के म्हणजे साडेपाचशे पीपीएम. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात टोल्युइनला आठ तासांची सरासरी दिली होती १००, आणि पंधरा मिनिटांना १५०. अमेरिकेतली एसीजीआयएच ही संस्था तर आठ तासांना २० च धरते. ५०० पीपीएम हे जिवाला धोक्याचं मानतात. म्हणजे मीटर ५ दाखवत असताना स्फोट होणार नाही, पण तुमचं डोकं गरगरेल, झिंग येईल, तोल जाईल, आणि हे सगळं शिडीवर उभं असताना. मीटर आगीचं सांगतो, छातीचं आणि डोक्याचं नाही.

टाकीत किंवा रिअ‍ॅक्टरमध्ये उतरायचं असेल तर परमिटशिवाय नाही, मग साहेब घाईत असू दे. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या वर आहे का, वाफ शून्याजवळ आहे का, लाइन नुसती व्हॉल्व्हने नाही तर ब्लाइंड (पाइप बंद करणारी चकती) टाकून तोडलीय का, बाहेर माणूस उभा आहे का. आत काडतुसाचा मास्क चालत नाही, ऑक्सिजनच कमी असेल तर काडतूस कुठून आणणार, बाहेरून हवेची लाइन असलेलाच पाहिजे. आतला दिवा २४ व्होल्टचा आणि फ्लेमप्रूफ, २४ व्होल्टचा आकडा १९४८ च्या फॅक्टरी कायद्यातच होता. आणि आतला पडला तर बाहेरच्याने उडी मारायची नाही, बोंब मारायची आणि दोरीने ओढायचं. एकामागोमाग तीन माणसं जातात ती अशीच, पहिला पडतो म्हणून दुसरा आणि दुसरा पडतो म्हणून तिसरा. गणपतीत आणि शिमग्यात अर्धी शिफ्ट गावाला असते, बाहेर उभा राहणारा माणूसच भेटत नाही, तेव्हा ते काम सुट्टीनंतर करा. डबल ड्युटी केलेल्याला तर आत पाठवूच नका.

आता पावसाळा, आपल्याकडे वर्षाला तीन साडेतीन हजार मिलिमीटर पडतो. टाकीच्या भोवती जो डाइक बांधलेला असतो तो माल सांडला तर अडवायला. पावसात तो पाण्याने काठोकाठ भरतो, मग माल सांडला तर अडणार कुठे. टोल्युइन पाण्यात मिसळत नाही, पाण्यापेक्षा हलकं आहे, वर तरंगतं आणि पाण्याबरोबर भिंत ओलांडून गटाराने ओढ्याला, ओढ्याने खाडीला. म्हणून प्रत्येक शिफ्टला डाइकचं पाणी बघायचं, वर तवंग किंवा वास असला तर इटीपीला (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट), स्वच्छ असलं तर माणूस उभा ठेवून व्हॉल्व्ह उघडायचा आणि तिथेच उभं राहून बंद करायचा. उघडून चहाला जायचं नाही. मी स्वतः गेलोय एकदा, तेव्हा नुसतं पाणीच होतं म्हणून वाचलो.

सांडलं तर आधी आजूबाजूचं सगळं बंद, वाऱ्याच्या वरच्या बाजूला माणसं, गटाराच्या तोंडावर कोरडी वाळू, मग सांडलेल्यावर वाळू. लाकडाचा भुसा नको, तो स्वतःच पेटतो. आग लागली तर फोम, पावडर, सीओटू. पाण्याची सरळ धार मारलीत तर पेटलेला माल पाण्यावर तरंगत पसरतो. पाणी शेजारचे ड्रम गार ठेवायला वापरा.

अंगावर सांडलं तर कपडे लगेच काढा, लाजायचं नाही, साबण आणि भरपूर पाणी, पण हीटर आणि सिगारेटपासून लांब. डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं धुवायचं, पंधरा म्हणजे घड्याळ लावून. पोटात गेलं तर उलटी काढायची नाही, मिठाचं पाणी वगैरे गावठी उपाय नकोत, वर येताना ते फुप्फुसात जातं आणि तिथे जास्त नुकसान करतं. गरगरलं तर मोकळ्या हवेत आडवं करा, डॉक्टरकडे पाठवताना एसडीएसचा (केमिकलची सुरक्षा माहिती) कागद बरोबर द्या, नुसतं केमिकल लागलंय सांगून डॉक्टरला काही कळत नाही. रोज थोडंथोडं जात राहिलं तर डोकेदुखी, विसरभोळेपणा, चिडचिड, आणि हे कमी जणांना माहीत आहे, कानही. कंप्रेसरच्या आवाजात टोल्युइनही श्वासात असेल तर ऐकू येणं जास्त लवकर कमी होतं. पोटुशी बाई पॅकिंगला असेल तर तिला त्या शेडमध्ये ठेवू नका, बाळाला धोका असतो. आणि शिफ्ट सुटल्यावर सरळ बसायला जाणाऱ्यांसाठी, दारू आणि टोल्युइन शरीरात एकाच वाटेने निघतात, दारू पोटात असली की टोल्युइन अडकून जास्त वेळ रक्तात राहतं. उपदेश नाही करत, कामाच्या दिवशी तेवढं टाळा.

शेवटी घरी जाणारे ड्रम. कलमांच्या बागेत फवारणीला २०० लिटरचं बॅरल लागतं, न्हाणीजवळ पाणी साठवायला लागतं, आणि गावात सगळ्यांना माहीत असतं की आपला पोरगा कंपनीत आहे. माझ्या मामाला असंच एकाने कुठून तरी आणून दिलं होतं. मामाने दोन दिवस उन्हात ठेवलं, पाण्याने विसळलं, वास गेला म्हणाला, आणि वरचं झाकण कापायला वेल्डरकडे नेलं. वेल्डरने गॅस कटर लावल्यावर झाकण एका बाजूने उघडून छपराच्या पत्र्याला जाऊन लागलं. वेल्डर बाजूला उभा होता, समोर असता तर संपला असता, कपाळावरचे केस तेवढे गेले. विसळून काय होतं, टोल्युइन पाण्यात जातच नाही, खाचेतले ते दोन चमचे तसेच राहतात आणि कटरच्या उष्णतेने वाफ होतात.

असे ड्रम घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत येतात, परवानावाल्या रिसायकलरकडेच जायला पाहिजेत, गेटपास मिळाला तरी आणू नका. घरी आधीच एखादा पडला असेल तर दोन्ही बुचं घट्ट लावा, चुलीपासून आणि वेल्डिंगपासून लांब सावलीत ठेवा आणि जिथून आला तिथे परत पाठवा, कापू नका, घण मारू नका, आत काडी लावून बघू नका. मामाने नंतर प्लॅस्टिकचं निळं पिंप घेतलं, आधी त्यात लोणचं होतं. अजून फवारणीच्या दिवसांत बाग सगळी खाराचा वास मारते, पण चालतंय.